उकंडानं सोडलेल्या गाठी

पांढरकवड्याच्या खालच्या वस्तीत उकंडा नावाचा एक बाज विणणारा राहायचा. त्याचे हात झपाट्याचे होते, पण तोंड त्याहून झपाट्याचं. सकाळी लाकडी चौकट पुढ्यात घेतली की दुपारच्या भाकरीपर्यंत बाज तयार, आणि ताण असा की लेकरानं उडी मारली तर लेकरू परत वर उडावं. नागपूर-हैदराबाद सडकेवर ट्रकवाल्यांसाठी जे ढाबे होते, तिथल्या बहुतेक बाजा त्याच्याच हातच्या. गिऱ्हाईक बाज न्यायला आलं की तासभर अडकलंच म्हणून समजा. बाजेचे पैसे घ्यायचा, भाषण मात्र फुकट द्यायचा.

उकंडा म्हणजे उकिरडा, असं नाव कोणी पोराचं ठेवतं का, असं बाहेरचे लोक विचारतात. ठेवतात हो, पोरं मरायला लागली की ठेवतात. उकंडाच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून हा पाचवा जन्मल्याबरोबर त्याच्या मायनं, तुळसाबाईनं, त्याला उकिरड्यावर लोळवला, शेजारणीनं सुपात घालून उचलून आणला आणि मायनं मूठभर कोंडा देऊन तो तिच्याकडून विकत घेतला. टाकून दिलेल्या वस्तूवर कोणाची नजर जात नाही, असा त्यातला हिशोब. पोरगा जगला आणि नाव जन्माचं चिकटलं.

छप्पन सालच्या दसऱ्याला वस्तीतली सगळी माणसं पांढरी लुगडी नि पांढरे सदरे घालून नागपूरला गेली आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परत आली. उकंडा, त्याची बायको नलू आणि तुळसाबाई, तिघंही गेली होती. परत आल्यावर उकंडाला तर नुसता ऊत आला. ज्या सुरीनं दोर कापायचा त्याच सुरीनं त्यानं वस्तीतल्या चाळीस माणसांच्या मनगटावरचे, गळ्यातले काळे दोरे कापले. वरून प्रत्येकाला ऐकवलं, "अबे, दोऱ्यानं माणूस वाचला असता तं मी दोरवाला हावो, मी अमर नसतो झालो?" लोक हसायचे आणि मनगट पुढे करायचे.

तुळसाबाईनं देव्हारा पाटीत घातला आणि नदीवर जाऊन सोडून आली. पुढच्या महिन्यात नलू नेहमीसारखी चार दिवस बाहेर बसायला निघाली, तर म्हातारीनं तिला हात धरून घरात आणलं. "आता कायले बसतं वं बाहेर? ये, भाकरी थाप." तुळसाबाईचं असं होतं. लेकाचं भाषण संपायच्या आधी तिचं काम झालेलं असायचं.

मग नलूला दिवस गेले, आणि वस्तीला जसं काही सणाचं निमित्तच सापडलं. पंचशील मंडळाचे अध्यक्ष विठ्ठलराव जिनिंगात कापूस तोलायचे. वस्तीत छापील कॅलेंडर त्यांच्याकडेच. त्यांनी भर सभेत जाहीर केलं, की हे दीक्षेचं लेकरू. आपल्या नव्या जन्मानंतर वस्तीत जन्माला येणारं पहिलं! दसऱ्यापासून नऊ महिने नऊ दिवस बोटं घालून मोजले आणि जुलैच्या तेवीस तारखेभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढला. पोरगाच होणार हेही त्यांनीच ठरवलं. नाव ठरवलं धर्मपाल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नलू मागं बायकांत पदर तोंडाला लावून बसली होती. तिला काही विचारावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

तयारी तर काय सांगावी! लेकरू यायच्या आधी पाळणा करू नये म्हणतात. उकंडानं मुद्दाम सातव्या महिन्यातच केला. अंबाडीचा दोर तीनदा भिजवून, बडवून इतका मऊ केला की गालाला घासून पाहिलं तरी टोचू नये, आणि तो खरंच रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून गालाला घासून दाखवायचा. विठ्ठलरावांनी पाळण्याच्या पुढच्या फळीवर निळ्या रंगानं 'धर्मपाल' लिहून घेतलं. घराघरातून जुनी लुगडी आली, धोतरं आली. लेकराला जुनंच कापड लागतं, नवं टोचतं. तुळसाबाईनं त्यांची दुपटी फाडली, झबली शिवली, टोपडी शिवली, इतकी शिवली की दोरीवर वाळत घातली तर वाटावं या घरात एक नाही, शाळा जन्माला यायची आहे. शेकायला गोवऱ्या रचल्या, ओवा-बाळंतशेपा निवडून ठेवल्या. डिंकाचे लाडू तर तीन घरांतून आले. आणि मुख्य म्हणजे लाडू बाळंतपणानंतर खायचे असतात, हे नलू सोडून सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

तेवीस जुलै उजाडली. विठ्ठलराव इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच दारात. नलू जात्यावर दळत बसलेली.

"काही नाही?" त्यांनी विचारलं.

"जवारी हाये," नलू म्हणाली.

चोवीस गेली, तीस गेली, ऑगस्ट लागला. येणारा-जाणारा दारातून डोकावून विचारायचा, "झाली का वं?" नलू नळावर गेली तर बायका तिच्या पोटाकडे बघायच्या, तोंडाकडे नाही. तुळसाबाईनं वस्तीतली अर्धी पोरं स्वतःच्या हातानं बाहेर काढली होती. तिनं सुनेच्या पोटावर हात ठेवून सांगितलं, "कच्चं हाये अजून. हाताले समजते." पण विठ्ठलराव म्हणाले, "बाई, हात चुकंल, कॅलेंडर कसं चुकंल?" मग म्हातारीनं तोंडात सुपारी टाकली आणि विषय सोडून दिला.

उकंडा लोकांसमोर हसायचा. "धर्मपाल अभ्यास करूनच बाहेर येईन म्हन्ते!" म्हणायचा. पण आतून त्याचा जीव टांगणीला लागला होता. दोन वर्षांपूर्वी नलूचं पहिलं बाळंतपण केळापूरला माहेरी झालं होतं. पोरगी झाली होती, अंगानं चांगली. तिसऱ्या दिवशी गेली. उकंडा बैलगाडीनं पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानं तिचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. घरात तो विषय कोणी काढत नसे. आता हे दुसरंही असंच हातचं जातं की काय, ही एकच भीती त्याला रात्रंदिवस पोखरत होती, आणि जितका घाबरायचा तितका जास्त बोलायचा. त्या दिवसांत त्यानं एका गिऱ्हाइकाला एकच बाज दोनदा विकायचा प्रयत्न केला.

अशात बाजाराच्या दिवशी तो शकुबाईकडे अंबाडी घ्यायला गेला. शकुबाई जुनी दोरवाली, डोळ्यांनी अधू पण जिभेनं शाबूत. तिनं विचारलं, "झाली का नलू?"

"नाई ना बाप्पा. तीन हप्ते वर झाले."

शकुबाईनं अंबाडीची जुडी खाली ठेवली. "घरातल्या गाठी सोडल्या का? बाई अडली की घरातल्या गाठी सोडाव लागते, कुलपं उघडाव लागते. आमच्या वेळेस तं सोडतच होते." आणि मग तिला काय सुचलं कोण जाणे, त्याच्याकडे मान वाकडी करून म्हणाली, "पण तुह्यं तं कठीणच हाये रे. गाठी मारणंच तुहा धंदा. तुह्या हातच्या किती गाठी हायेत जगात?"

झालं! उकंडा तिथल्या तिथे तिच्यावर तुटून पडला. अंधश्रद्धा काय, बावीस प्रतिज्ञा काय, विज्ञान काय, बाजारात दहा माणसं जमेपर्यंत बोलला. शकुबाईनं शांतपणे अंबाडी तोलून दिली. तो घरी निघाला आणि अर्ध्या रस्त्यात, एका बाभळीखाली उभा राहून, त्यानं डोक्यावरच्या जुडीची गाठ सोडली. अंबाडी सगळी चिखलात पडली. त्याची त्यालाच लाज वाटली, पण बांधली नाही.

पुढचे दोन दिवस त्या घरात काय चाललं ते कोणालाच कळेना. जवारीच्या पोत्याचं तोंड उघडं. ट्रंकेचं कुलूप उघडं. वाळत घातलेल्या टोपड्यांची दोरी सुटून सगळी टोपडी चिखलात. तुळसाबाई म्हणाली उंदीर माजले. पाळणा एका सकाळी जमिनीवर पसरलेला सापडला, तेव्हा म्हणाली उंदीर लयच माजले. बकरीचं दावं सुटलं आणि ती विठ्ठलरावांच्या अंगणात जाऊन वालाचा अख्खा वेल खाऊन आली. विठ्ठलराव भांडायला आले, तर उकंडानं त्यांच्याच लेंग्याच्या नाडीकडे अशा नजरेनं पाहिलं की ते दोन पावलं मागं सरकले.

पण घरातल्या गाठी संपल्या तरी नलू आपली दळतेच आहे, कांडतेच आहे. उकंडाच्या डोक्यात शकुबाईचं बोलणं घोळत होतं. तुह्या हातच्या किती गाठी हायेत जगात? सगळ्या जगाच्या काही सोडता येणार नव्हत्या. पण सडकेवर, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर किसनसिंगचा ढाबा होता. तिथल्या बाराच्या बारा बाजा उकंडाच्या, आणि गेल्या दिवाळीनंतरच विणलेल्या. म्हणजे नलूला दिवस गेल्यावरच्या! त्याला वाटलं, सापडलं. तिथंच अडकलंय.

दुपारी तो ढाब्यावर गेला. पाऊस नुकताच उघडला होता. ट्रकवाले जेवून छपराखाली बाजांवर घोरत होते. किसनसिंग भट्टीवर डाळीला फोडणी देत होता.

"काय रे उकंडा?"

"ताण पाहाले आलतो. पावसानं दोर सैल पडते."

"देख ले, देख ले."

बाजेचा सगळा ताण पायथ्याच्या एका दोरीवर असतो, आणि त्या दोरीची शेवटची गाठ एकच. उकंडानं पहिल्या बाजेखाली हात घातला आणि गाठ सोडली. झोपलेला माणूस हळूहळू खाली गेला, घोरणं चालूच. दुसरी सोडली. तिसरी सोडली. त्याला आता हसू यायला लागलं, भीतीचं की आनंदाचं ते त्यालाही कळेना. नलू, ही सोडली बघ. ही पण सोडली. अकरा गाठी सुटल्या, अकरा माणसं जाळ्यात सापडलेल्या मासोळीसारखी खाली लोंबत होती, एकालाही जाग नाही. बाराव्या बाजेवर सरदार झोपला होता.

सरदार ड्रायव्हर हैदराबादकडचा, तीन माणसांचं वजन एका माणसात. गाठ सुटली ती सुटलीच, दोर सर्रकन पळाला आणि सरदारचं बूड जमिनीवर धाडकन आदळलं. गुडघे कानाला लागले. त्यानं झोपेतच दोन्ही पाय ताठ करून आरोळी ठोकली, "ब्रेक! ब्रेक!"

त्या आरोळीनं बाकीचे अकरा जागे झाले आणि उठायला गेले. सैल बाजेतून उठून बघा कधी. जितके हातपाय मारावेत तितके ते आत जायला लागले. एकाचा पाय दुसऱ्याच्या दोरात. शिव्या तेलुगूत, हिंदीत, पंजाबीत, सगळ्या भाषांत. किसनसिंग फोडणीची कडची घेऊनच धावत आला आणि उकंडाची मानगूट धरली.

"ये क्या किया रे तूने?"

"ताण... ताण बदलून राह्यलो..."

"बारा के बारा? आदमी सोये हुए?"

उकंडानं बोलायला तोंड उघडलं, आणि तुम्हाला सांगतो, त्या तोंडातून भाषणाऐवजी रडू बाहेर पडलं. भर दुपारी, ट्रकवाल्यांच्या मधोमध, तो लेकरासारखा रडला. "माह्या बायकोले महिना वर होत आला. पहिली पोरगी गेली आमची. हे बी जाते का काय असं वाटते मले. कोनं सांगतलं का बापाच्या हातच्या गाठी सोडा, म्हणून सोडून राह्यलो. बांधून देतो मंग सगळ्या, फुकट बांधून देतो."

सरदार जमिनीवरूनच म्हणाला, "अरे, तो पहले बोलना था ना!" दोघांनी ओढून त्याला बाहेर काढला. तो कपडे झटकत थेट आपल्या ट्रककडे गेला. "ये रस्सा किसका है? पिछले महिने तुझ्याकडूनच घेतला होता ना मी?" आणि ताडपत्रीचा दोर सोडायला लागला. उकंडा नको नको म्हणेपर्यंत दुसऱ्या ड्रायव्हरनंही आपल्या ट्रकचा दोर सोडला. किसनसिंगनं कोठीचं कुलूप उघडलं, मग डोक्याचा फेटा उतरवला आणि तोही सोडून टाकला, वर म्हणाला, "मेरी तरफ से ये भी." लोकांना नुसता चेव आला. ज्याला जी गाठ दिसेल ती तो सोडायला लागला. कोणी पायजम्याच्या नाडीलाही हात घातला होता, त्याला बाकीच्यांनी आवरलं.

सरदारच्या ट्रकमध्ये घासलेटचे रिकामे डबे होते, पाचशे तरी असतील. ताडपत्री सरकली, एक डबा डुगडुगला, पडला, आणि त्याच्यामागून सगळे निघाले. हैदराबादच्या सडकेवर डबेच डबे, उतारानं खडखडत वस्तीकडे. असा आवाज पांढरकवड्यानं आधी कधी ऐकला नव्हता. कुत्री पळाली. विठ्ठलराव जेवायच्या सुट्टीत घरी आले होते, ते छत्री घेऊन बाहेर आले आणि एक डबा त्यांच्या पायाशी येऊन थांबला.

ते डब्यांच्या मागावर ढाब्यापर्यंत आले. सगळं पाहिलं. विचारलं. कळल्यावर छत्री जमिनीवर टेकून उभे राहिले.

"उकंडा, तू? चाळीस माणसांचे दोरे कापले तू!"

"कापले," उकंडा डोळे पुसत म्हणाला. "दुसऱ्याचे होते, विठ्ठलराव. दुसऱ्याचे कापाले काय लागते? मले भेव वाटून राह्यलं."

विठ्ठलरावांना रागवायचं होतं, पण ट्रकवाले सगळे त्यांच्याकडेच डोळे वटारून बघत होते. तेवढ्यात वस्तीकडून नलू आली. एका हातानं कंबर धरलेली, दुसऱ्या हातात पुन्हा सुटलेल्या बकरीचं दावं, मागं तुळसाबाई. बकरी शोधता शोधता ती आवाजावर आली होती. तिनं लोंबलेल्या बाजा पाहिल्या, सडकेवरचे डबे पाहिले, नवऱ्याचं रडवेलं तोंड पाहिलं.

"दोरी सोडणारा उंदीर हाच का?" तिनं विचारलं.

तुळसाबाईनं लेकाला बकोटीला धरून सगळं वदवून घेतलं. नलू ऐकत होती. तिचं तोंड आधी लाल झालं, मग ती अशी काही कडाडली की किसनसिंगच्या हातातली कडची पडली. सभेत मागं बसणारी नलू ती हीच का, असं सगळ्यांना वाटलं.

"महिना वर झाला, महिना वर झाला! कोनाचा वर झाला? आत्याबाई, तुमीच सांगा यायले. नागपुरावरून आल्यावर दोन डाव मले पाळी आली. दोन डाव! पहिले चार दिवस बाहेर बसाव लागे, तं सगळ्या वस्तीले माहीत राहे. आता ते बंद झालं, चांगलं झालं, पण मंग माणसानं तोंडानं विचाराव लागते का नाई? मले विचारलं काय कोनं? दसऱ्याले जन्म तुमचा झाला, विठ्ठलरावभाऊ. माह्यं लेकरू दिवाळीनंतरचं हाये!"

सगळे पुरुष खाली बघायला लागले. एवढ्या माणसांनी एकाच वेळी आपापल्या चपला इतक्या बारकाईनं कधी पाहिल्या नसतील. विठ्ठलरावांची बोटं मात्र आपोआप हलायला लागली. "म्हणजे... बावीस ऑगस्टच्या आसपास," ते पुटपुटले.

"मी म्हटलं होतं ना," तुळसाबाई म्हणाली, "कच्चं हाये म्हणून."

"पण नलू, तू बोलली काहून नाई वं?" उकंडा रडतच होता, पण आता हसतही होता.

नलूनं पदर सारखा केला. "पहिले लाज वाटली. मंग सगळे इतके खुशीत होते. आणि लाडू येऊन राह्यले होते."

सगळ्यात आधी सरदार हसला. त्याचं हसणंही त्याच्या वजनाचंच. मग किसनसिंग, मग बाकीचे अकरा ड्रायव्हर, आणि शेवटी विठ्ठलराव छत्रीत तोंड लपवून हसले. त्या दिवशी सडकेवरचे डबे गोळा करायला अख्खी वस्ती आली, आणि ढाब्यावरची डाळ कोळसा होऊनही कोणी कुरकुर केली नाही.

बारा बाजा पुन्हा ताणून द्यायचं उकंडानं कबूल केलं होतं. नुसतं ताणून भागलं नाही. ट्रकवाल्यांनी हातपाय मारून वीणच बिघडवली होती, मुळापासून विणायला लागल्या. तो रोज ढाब्यावर जायचा. बावीस गेली, तेवीस गेली. आता मात्र कोणी कॅलेंडर काढलं नाही. रोज संध्याकाळी विठ्ठलराव दारात यायचे आणि थेट नलूला विचारायचे, "कसं वाटून राह्यलं बाई?" ती सांगायची. ते मान हलवून घरी जायचे.

चोवीस तारखेला बारावी बाज चालू होती. पाऊस धो धो. शेवटचा ताण उकंडानं दोन्ही हातांनी खेचून धरला होता, पाय चौकटीला लावलेले, गाठ मारायची तेवढी बाकी. इतक्यात विठ्ठलराव अनवाणी धावत आले, छत्री हातात मिटलेलीच.

"उकंडा! धर्मपाल..." त्यांना धाप लागली होती. "धर्मपाल नाही रे. पोरगी झाली! नलू चांगली हाये!"

उकंडा उठणार, तर दोर सुटला की दिवसभराचं काम गेलं. सोडवतही नाही नि बसवतही नाही, तसाच तो आडवा होऊन ओरडायला लागला, "धरा! कोनीतरी धरा हो!" किसनसिंगनं धावत येऊन दोर हातात घेतला. "मैं पकडतो. तू भाग!" असा काही पळाला उकंडा की वस्तीत पोचेपर्यंत त्याच्या सदऱ्याला चिखलाशिवाय रंग उरला नव्हता. तुळसाबाईनं त्याला दारातच थांबवून अंगावर घडाभर पाणी ओतलं आणि मग पोरगी दाखवली. काळीसावळी, मूठभर, आणि आवाज थेट बापाचा.

मग तीन दिवस उकंडा बोलला नाही. वस्तीला वाटलं आजारी पडला. तो पुन्हा विणलेल्या पाळण्याजवळ बसून राहायचा, पोरीच्या पोटाचं वरखाली होणं बघत. गिऱ्हाईक आलं तर हातानंच जा म्हणायचा. कोणी थट्टा केली नाही, कारण तो काय मोजतोय ते सगळ्यांना कळत होतं. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी नलूनं दिवसभर पोरीला मांडीवरून खाली ठेवलं नाही, आणि तुळसाबाई कामाशिवाय दहा वेळा घरात आली नि गेली. चौथ्या दिवशी सकाळी पोरीनं असा गळा काढला की शेजारच्या घरातून कोणीतरी "बाप्पा बाप्पा!" म्हटलं. उकंडा उठला, अंगणात गेला आणि समोर येईल त्याला सांगायला लागला. "आवाज ऐकला काय? ऐकला काय आवाज?"

तासाभरात अंगण भरलं. ड्रायव्हर सरदार परतीच्या फेरीवर होता, तोही ट्रक सडकेवर लावून आला. आता नावाचं काय, हा प्रश्न निघाला. पाळण्यावर तर निळ्या अक्षरात धर्मपाल लिहिलेलं. विठ्ठलरावांनी खिशातून कागद काढला, पाच नावं लिहून आणली होती, पाचही मोठमोठी, इतिहासातली. बायकांनी आपली चार सांगितली. सरदारनं एक सांगितलं, ते कोणाला उच्चारता येईना. उकंडाच्या मनात त्याचं स्वतःचं एक होतं. तो छाती फुगवून ते सांगायला उभा राहिला, तोंड उघडलं, आणि उघडं तोंड घेऊन तसाच थांबला. मग वळून घरात गेला.

नलू पोरीला पाजून पाळण्यात ठेवत होती.

"नलू," तो म्हणाला, "नाव काय ठेवाचं?"

तिनं मागं वळून पाहिलं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"मले विचारून राह्यले?"

"तुलेच."

तिला आठवायला एक क्षणही लागला नाही. "पंचफुला."

"कधी ठरवलं वं हे?"

"दोन वर्षं झाले." नलूनं दुपट्याची घडी सारखी केली. "पहिलीसाठी ठेवलं होतं मी. बारसंच झालं नाई तिचं. हाक माराचं राहूनच गेलं."

बाहेर माणसं वाट पाहत होती, त्यांचा गलका आत ऐकू येत होता. उकंडा पाळण्यावर वाकला आणि त्यानं हलक्या आवाजात हाक मारली, "पंचफुला." मग नलूनं मारली. तिनं दोनदा मारली.